जादा भांडारावरची सही

आमचं भांडार बंद करावं असं मला तीन वेळा लिहून आलं आहे. तिन्ही पत्रं नम्र होती. भांडार चालू आहे.

भांडार म्हणजे धान्याचं नव्हे. माझी नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथले तराजू, तापमापकं, आम्लता मोजणारी यंत्रं नीट ठेवणं हे माझं काम. पत्नी सुमेधा गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायची. दोघांच्या नोकऱ्यांबाहेर आम्ही आणखी एक काम बारा वर्षं केलं. त्याचा पगार नव्हता आणि त्याचं नाव सांगितलं की पाहुणे विषय बदलायचे. इथे विषय बदलता येणार नाही, म्हणून सावकाश सांगतो.

संगणक चालतो तो एका मूळ प्रणालीवर. बहुतेकांना ती यंत्राबरोबर विकत मिळते. दुसरी एक जात अशी आहे की ती जगभरची माणसं मिळून, आपापल्या घरी बसून तयार करतात. तिची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते. तिला मालक नाही. तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम गाठोडी बांधून एका मुख्य भांडारात ठेवलेले असतात. गाठोड्याला पॅकेज म्हणतात. तुमचं यंत्र लागेल ते तिथून उतरवून घेतं.

मुख्य भांडाराचे नियम कडक. प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा हवा, वापरणारे हवेत, वापरण्याचा परवाना स्पष्ट हवा. यात न बसलेलं बाहेर जातं. अशा बाहेर गेलेल्यांसाठी काही लोक स्वतःच्या जबाबदारीवर जादा भांडार चालवतात. वाचनालयात दाराशी एक कपाट असतं, दाखल-नोंदवहीत न चढलेल्या पुस्तकांचं. तपासणीला आलेला माणूस ते मोजत नाही, पण काही वाचक थेट त्याच कपाटाकडे येतात. आमचं भांडार तसं. एकेचाळीस पॅकेजं.

सुरुवात एका तराजूपासून झाली. आमच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू चौथ्या दशांशापर्यंत अचूक होता. त्याचं वजन संगणकावर उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम एके दिवशी मुख्य भांडारातून काढला गेला. कारण लिहिलं होतं, वापरणारे आढळले नाहीत. मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं.

सुमेधा म्हणाली, "तुम्ही रोज वापरता ना?"

"हो."

"मग त्यांना तुम्ही आढळला नाहीत, एवढंच झालं. तराजूनं काय केलंय?"

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं पॅकेज बांधायला शिकून घेतलं. मला यंत्रं कळत होती, तिला रीत कळत होती. मूळ कोड आणायचा, त्यावर एक कृती लिहायची, म्हणजे काय आधी, काय नंतर, कशाला काय लागतं. यंत्र त्या कृतीबरहुकूम पॅकेज बांधतं. मोडलं तर का मोडलं ते शोधायचं. मुख्य प्रणालीची नवी आवृत्ती आली की खालचा पाया हलतो आणि आपली निम्मी पॅकेजं एका दिवसात मोडतात. मग पुन्हा एकेक हातात घ्यायचं. तिच्या वर्गात नापास झालेल्या मुलींना ती परत परत बसवायची, त्याच चिकाटीनं.

बांधणीचं यंत्र आमच्या वरच्या मजल्यावर आहे. महाडात महत्त्वाचं सगळं वरच्या मजल्यावर असतं. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं तेव्हा कागद, धान्य आणि आता संगणक वर असलेला बरा.

आमची गिऱ्हाइकं थोडी आणि हट्टी. त्यातलं जवळचं म्हणजे वसंत उतेकर. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर याचं झेरॉक्स आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान. त्याच्याकडे टिकटिक करत छापणारा जुना सुयांचा प्रिंटर आहे. तीन प्रतींचे फॉर्म कार्बन लावून एका झटक्यात निघतात, ते नव्या प्रिंटरवर निघत नाहीत. त्या प्रिंटरला संगणकाची भाषा समजावणारं पॅकेज आमच्याकडचं. त्याची कृती माझी, मी लिहिलेली पहिली.

एका गणपतीत उतेकरचा मुंबईचा मेव्हणा आला. त्याला वाटलं, भावोजींची प्रणाली शिळी झाली आहे. त्यानं आणखी तीन जादा भांडारं जोडली आणि जिथे नवीन दिसेल तिथून घे, असं यंत्राला सांगितलं. या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. प्रत्येक भांडार आपापल्या पायावर उभं असतं. चार ठिकाणचं नवं एकत्र केलं की चारही पाय वेगळ्या उंचीचे होतात. म्हणून भांडारांना क्रम लावून ठेवतात, मुख्य आधी, बाकीची मागून. मेव्हण्यानं क्रमच पुसला होता.

सुमेधाला उतेकरचा फोन आला. "बाई, पडदा काळा झालाय. नुसती रेघ लुकलुकते हाय."

"काय केलंत?"

"मी काय नाय केलं. आमच्या पाव्हण्यांनी अपडेट केलं."

"पाहुणे कुठे आहेत?"

"ते कशेडी घाट उतरून गेले गो बाई, चिपळूणला."

सुमेधा सकाळच्या एसटीनं गेली. मीही रजा टाकून बरोबर गेलो. तिनं दुकानाच्या बाकावर बसून दिवसभर एकेक परकं पॅकेज परत पाठवलं. फॉर्म घेऊन आलेली माणसं रांगेत उभी होती. त्यातले एक आजोबा उतेकरला म्हणाले, "बाई कुठल्या हापिसातल्या?"

"हापिसातल्या नाय. ह्या बनवणाऱ्या हायत."

"मंग सरकारचा हाय का ह्यो कंप्युटर?"

"तात्या, कुणाचाच नाय. त्याचीच गंमत हाय."

सुमेधानं मान वर न करता सांगितलं, "आजोबा, तुमचा पण आहे." आजोबांनी मग यंत्राकडे जरा मालकीच्या नजरेनं पाहिलं आणि बसायला खुर्ची मागितली. चारच्या सुमारास प्रिंटर टिकटिकला. निघताना तिनं दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवला. नवं भांडार जोडण्याआधी फोन करावा. पाहुण्यांनीही.

लांबचं गिऱ्हाईक म्हणजे एरिक. उत्तरेकडच्या एका बेटावर त्याचं हवामान केंद्र आहे. निवृत्त झाल्यावरही तो तेच करतो. त्याचं वाऱ्याचं यंत्र जुनं आणि त्याचं पॅकेज फक्त आमच्याकडे. तो सुमेधाला 'टीचर' म्हणून पत्रं लिहायचा. एकदा तिनं त्याच्या बेरजेतली चूक दाखवली होती, तेव्हापासून.

आता सहीबद्दल सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं.

भांडारातलं प्रत्येक पॅकेज सहीबंद असतं. ती सही हाताची नसते. सांभाळणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, आकड्यांची, आणि परवलीचं वाक्य टाकल्याशिवाय ती चालत नाही. तिची उघडी जोड सगळ्या वापरणाऱ्यांकडे असते. पॅकेज आलं की त्यांचं यंत्र ताडून बघतं. जुळलं तर घेतं, नाही जुळलं तर दारातूनच परत. उतेकर आणि एरिक डोळे मिटून आमची पॅकेजं घेत होते ते सुमेधाच्या किल्लीवर. माणूस ओळखीचा, म्हणून वस्तू घरात. एवढाच या कामाचा पाया आहे.

किल्ली तयार केली त्याच दिवशी तिनं एक रद्दपत्रही तयार केलं. ते प्रसिद्ध केलं की किल्ली जगभर कायमची बाद होते, परत जिवंत करता येत नाही. तिनं ते कागदावर छापलं, पाकिटात घातलं, पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी वरच्या लोखंडी कपाटात.

"माझ्यानंतर हे तुम्ही नेटवर टाकायचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे."

"गणितात मोठा-लहान बघत नाहीत. ठेवून द्या."

सुमेधाचा आजार दोन महिन्यांचा होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही. मधल्या काळात एरिकच्या पॅकेजात एक चूक निघाली आणि ती थांबण्यासारखी नव्हती. तिनं मला परवलीचं वाक्य सांगितलं. "एवढ्या एकाच पॅकेजवर सही करा. मी बरी झाले की वाक्य बदलीन."

ती गेल्यावर घरच्यांनी रीतीप्रमाणे तिच्या साड्या दिल्या, अंथरूण-पांघरूण दिलं. बांधणीचं यंत्र कुणी मागितलं नाही, कारण ते चालू होतं. तेराव्यानंतर मी त्याच्यासमोर बसलो. सहा पॅकेजं मोडलेली होती. मी ती दुरुस्त केली. सही मागितली गेली तेव्हा मी तिचं वाक्य टाकलं.

हे मी चार महिने केलं. तिच्या खात्यावरून, तिच्या किल्लीनं. लोकांना वाटलं बाई कामावर परतल्या. मी कुणाला तसं सांगितलं नाही आणि तसं नाही असंही सांगितलं नाही. प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या नावानं वाचन लिहिणाऱ्या माणसाला मी एकदा विभागाबाहेर काढायला लावलं होतं. त्याची आठवण मला या चार महिन्यांत रोज होत होती. तरी मी ते करत होतो. वाक्य पाच शब्दांचं होतं. टाइप करताना ते तिच्या आवाजात ऐकू यायचं. कारण म्हणाल तर एवढंच होतं.

मग एरिकचं पत्र आलं. "टीचर, तुमची सही पुन्हा दिसू लागली आणि मला फार बरं वाटलं. मी इथे सगळ्यांना सांगितलं, की त्या बऱ्या झाल्या."

त्या दुपारी मी प्रणाली सांभाळणाऱ्या समूहाच्या मेलिंग लिस्टवर खरं लिहून टाकलं. मेलिंग लिस्ट म्हणजे एक पत्र टाकलं की सगळ्या सांभाळणाऱ्यांना आणि नाव नोंदवलेल्या वापरणाऱ्यांना जातं. सुमेधा गेली, तारीख अमुक. त्यानंतरच्या सर्व सह्या माझ्या. पॅकेजं नीट आहेत, पण सही खोटी आहे.

समन्वयक म्हणजे समूहानं निवडलेला माणूस. त्याचं पहिलं पत्र दोन दिवसांत आलं. शोक व्यक्त केला होता. पुढे लिहिलं होतं की त्या तारखेनंतरचं काहीही विश्वासार्ह धरता येत नाही, तेव्हा भांडार सन्मानानं बंद करावं.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. पण 'सन्मानानं' हा शब्द मला खटकला. वापरणारे आढळले नाहीत, यातलाच तो वाटला. मी उत्तर दिलं: चूक माझी आहे, पॅकेजांची नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कृती आणि मूळ कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही स्वतःच्या यंत्रावर बांधून पाहावं. माझ्या पॅकेजाशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर मी स्वतः बंद करीन. तोवर नाही.

आठवडा गेला. मग एरिकनं लिहिलं, "मी बांधून बघतो." मला वेगळं काही लिहिलं नाही. त्याला राग होता आणि तो असायलाच हवा होता.

त्याला अकरा दिवस लागले. चाळीस जुळली. एक नाही.

न जुळलेलं म्हणजे उतेकरच्या प्रिंटरचं. माझं पहिलं. समन्वयकाचं दुसरं पत्र त्याच संध्याकाळी आलं: ठरल्याप्रमाणे आता बंद करावं, ही विनंती. मी तीन दिवस ते पॅकेज उलटंपालटं केलं. माझ्या यंत्रावर दोनदा बांधलं तरी दोन्ही वेळा वेगळं निघत होतं. माझंच माझ्याशी जुळत नव्हतं. समन्वयकाला मी एका ओळीचं उत्तर पाठवलं, "शोधतो आहे. बंद करत नाही." तेव्हा शब्द मोडणारा मीच होतो, हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी एरिकचं पत्र आलं. प्रत्येक कृतीच्या शेवटी एक बदलनोंद असते. कोणी, कधी, काय बदललं, त्याची. खाली जुनं, वर नवं. एरिक ती शेवटपर्यंत वाचत गेला होता. त्यानं लिहिलं, "इथे टीचरची एक ओळ आहे. अक्षरं आमची आहेत, भाषा मला येत नाही. हिचा काही संबंध आहे का?"

ओळ सहा वर्षांपूर्वीची होती. रोमन लिपीत मराठी: "बांधणीची वेळ आत शिरते आहे. ती काढायची राहिली. ह्यांना सांगणे."

माझी कृती बांधताना त्या क्षणाची तारीख-वेळ पॅकेजच्या पोटात लिहीत होती. वेळ दर वेळी वेगळी, म्हणून पॅकेज दर वेळी वेगळं. प्रिंटरला त्यानं काही फरक पडत नव्हता, त्यामुळे मला कधी कळलं नाही. तिला कळलं होतं. तिनं मला सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि मी हूं म्हणून पुस्तकाचं पान उलटलं असेल. दुसरी शक्यता जास्त आहे.

दोन ओळी काढल्या. एरिकनं पुन्हा बांधलं. एकेचाळीस जुळली.

तिसरं पत्र त्यानंतरचं. आता हरकत पॅकेजांवर नव्हती. एकाच माणसाच्या हातातलं भांडार समूहाच्या मान्य भांडारांच्या यादीत ठेवत नाहीत, दुसरा सांभाळणारा दाखवावा, नाहीतर बंद. हा नियम चांगला आहे. आमच्या बाबतीत तो आधी पाळला गेला असता तर मी चार महिने खोटं बोलू शकलो नसतो. मी हे लिस्टवर तसंच लिहिलं आणि खाली विचारलं, कुणी येतं का. एरिकनं एका शब्दाचं उत्तर दिलं, "येतो." मग आणखी एक ओळ, "पण बेरजा तुम्ही तपासा."

मी माझ्या नावाची किल्ली तयार केली. तिचं रद्दपत्रही केलं. त्याचा कागद एरिककडे बेटावर आहे, तिथे पूर येत नाही.

मग वरच्या कपाटातून तिचं पाकीट काढलं. आत रद्दपत्र होतं आणि पाठीमागे तिच्या अक्षरात एक सूचना, वर्गात फळ्यावर लिहायची तशी: टाकण्यापूर्वी दोनदा वाचा. मी दोनदा वाचलं. टाकलं. दोन-चार मिनिटांत तिच्या किल्लीपुढे 'रद्द' असा शब्द आला.

आता सगळ्या वापरणाऱ्यांच्या यंत्रांना नवी किल्ली एकदा हातानं ओळखून द्यावी लागणार होती. लांबच्यांना पत्रं गेली. पोलादपूरला मी स्वतः गेलो.

उतेकरला सगळं सांगितलं. चार महिन्यांचंही. तो बराच वेळ फॉर्मांचा गठ्ठा सारखा करत राहिला.

"मंग गेल्या गणपतीपासून आलं ते तुमचं व्हतं?"

"माझं होतं."

"मला वाटलं बाई हायत." मग म्हणाला, "आधी सांगायचंत, भाऊ. मी काय मशीन फेकून दिली नसती."

 मी खिशातून कागद काढला. नव्या किल्लीचा ठसा म्हणजे चाळीस अक्षरं-आकडे, चारचारांचे दहा गट. एकानं पडद्यावरून वाचायचे, दुसऱ्यानं कागदावर ताडायचे, अशी रीत. उतेकरनं चष्मा लावून वाचले. सातव्या गटात त्याचं चुकलं. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून.

"बाई पन असंच करायच्या."

"म्हणूनच."

दहाही जुळले. मग यंत्रानं विचारलं, जुनी किल्ली काढून टाकायची का. उतेकरनं हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे की ती. खाते काय आपलं?"

"नाही राहत, वसंतराव. सही करायला माणूस असावा लागतो."

"मंग तुमीच दाबा. मी नाय दाबनार."

मी दाबलं. मग नवं पॅकेज उतरवलं. पडद्यावर त्याची बदलनोंद आली. वर माझं नाव, खाली तिचं, तिचं, तिचं. ही नोंद लांब झाली की मुख्य प्रणाली बांधताना जुन्या ओळी आपोआप छाटते. पॅकेज हलकं राहतं म्हणून. आमच्या भांडारात ती छाटणी मी बंद केली आहे. समन्वयकानं विचारलं, तुमची पॅकेजं इतरांपेक्षा थोडी जड का असतात. मी कळवलं, आत मजकूर आहे, आणि तो राहणार आहे.

उतेकर वाचत वाचत खाली गेला आणि त्या ओळीपाशी थांबला.

"ह्यांना सांगणे," त्यानं मोठ्यानं वाचलं. "काय सांगायचं रायलं व्हतं, भाऊ?"

"तुमच्या प्रिंटरचंच होतं. केलं मी ते."

"मंग बघू," तो म्हणाला आणि तीन प्रतींचा कार्बन लावून फॉर्म आत सरकवला. प्रिंटर टिकटिकला. तिसऱ्या प्रतीवरची अक्षरंसुद्धा स्पष्ट होती.